सी थोरल्याचा, डी धाकट्याचा

"वहिनी, ह्यांना विचारा, खुर्ची सोडायला अजून किती वेळ आहे? दोन वाजून गेले."

"त्याला सांग, दुकानातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं हाय."

दहा बाय बाराच्या दुकानात आम्ही तिघं. मी दारात, आण्णा खुर्चीत, आणि मधे हातात दोन डबे घेऊन वहिनी. त्यांनी एक डबा टेबलावर आपटला.

"दोघांचं दोघांनाबी ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "मी काय मधली टेलिफोनची तार हाय?"

पण आम्ही ऐकणार कुठले! दीड वर्षं हेच चाललं होतं. आण्णा म्हणजे आदगोंडा, माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मी भूपाल. कुरुंदवाडात स्टँडमागे आमचं 'मगदूम बंधू मुद्रणालय'. आमचे वडील, आबा, गेले आणि सहा महिन्यांत आमच्यात ठिणगी पडली. मला फ्लेक्स छापायचे होते, आण्णाला पत्रिका, हँडबिलं आणि पुस्तकं. तो म्हणाला, "फ्लेक्स म्हणजे चार दिवस टांगायचा आणि पाचव्या दिवशी म्हशीच्या गोठ्यावर घालायचा. ह्याला छपाई म्हणत न्हाईत." मी म्हणालो, "तुझ्या पत्रिका तरी कोण वाचतंय? जेवणाची वेळ बघतात आणि रद्दीत टाकतात." माझं ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. जन्मभर खिळे जुळवून अक्षर न् अक्षर तपासलेला माणूस तो. त्या दिवसापासून अबोला.

मग वाटणी. मामा पंच म्हणून आले. कटिंग मशीन त्याचं, फ्लेक्सचं मशीन माझं. कागदाचे रॅक निम्मेनिम्मे. दुकानाची वेळसुद्धा वाटली, आठ ते दोन आण्णा, दोन ते आठ मी. शेवटी लॅपटॉप राहिला. एकच होता.

"ह्याचं काय करायचं? मधनं चिरायचा काय?" मामांनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडून दाखवला. म्हटलं, ह्यात दोन खण आहेत, सी आणि डी. मामांचा चेहरा उजळला. "मग अडलंय कुठं? सी आधी, डी नंतर. थोरल्याचा सी, धाकट्याचा डी. कुणी कुणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं न्हाई." आणि हे सगळं त्यांनी शेताच्या वाटणीसारखं कागदावर लिहून आमच्या सह्या घेतल्या.

आता इथं एक गोष्ट कबूल करतो. सी लहान आहे, डी त्याच्या तिप्पट आहे, हे मला दिसत होतं. शिवाय सी म्हणजे घराचा सोपा. येणारा-जाणारा तिथंच चपला काढणार, लॅपटॉपचा स्वतःचा सगळा संसारही तिथंच. मला ते अर्धंमुर्धं कळत होतं. आण्णाला अजिबात कळत नव्हतं. थोरलेपणाचा मान मिळाला म्हणून त्यानं समाधानानं सही केली, आणि मी मूग गिळून बसलो.

तर त्या सोमवारी आण्णा खुर्चीवरनं उठला खरा, पण जागचा हलला नाही.

"त्याला विचार," तो वहिनींना म्हणाला, "मी माझ्या सीत एक कागद ठेवला, तर चार कागदांची जागा कशी जाती? सकाळी पुसून मोकळी केलेली जागा दुसऱ्या दिवशी भरलेली. लाल पट्टी. कोण भरतंय?"

"ह्यांना सांगा, मी सीचं दारसुद्धा उघडत नाही. देवाशपथ."

आणि ते खरं होतं. मी माझी सगळी कामं डीमध्ये ठेवायचो. मलाही कोडंच पडलं, की न वापरता जागा जाते कशी?

"सव्वीसला संमेलन हाय," आण्णा आता डब्याकडं बघून बोलायला लागला. "हेरवाडे घराण्याचा कुलवृत्तांत. दोनशे साठ पानं, तीनशे जुने फोटो. अकरा पिढ्या. आज सेव्ह करतो म्हटलं तर मशीन म्हणतंय, जागा न्हाई. काम अर्ध्यावर थांबलंय."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमच्यात जागा हाय नव्हं? द्या की थोडी. तेरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

आजही ते आठवलं की माझं मला वाईट वाटतं. मी म्हणालो, "वहिनी, हद्द म्हणजे हद्द. मामांनी लिहून ठेवलंय."

आण्णानं शर्टाच्या खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं, चपला घातल्या आणि निघून गेला. वहिनींनी माझा डबा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "डबा थंड व्हायच्या आत खावा."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दोन वाजता मी लॅपटॉप उघडला आणि चक्रावलो. माझ्या डीमध्ये आदल्या संध्याकाळी चाळीस जीबी जागा मोकळी होती. आता जेमतेम दहा. मी डोळे चोळले. लॅपटॉप बंद करून चालू केला. दहाच! रात्रीत तीस जीबी गेले कुठं? बरं, मी काही ठेवलेलं नाही. फोल्डर उघडून एकेक मोजायला लागलो. वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, गणपती मंडळं, पतसंस्थेच्या निवडणुका. सगळं होतं तिथंच, होतं तेवढंच. कागदावर बेरीज केली तर वेगळाच आकडा, परत केली तर तिसराच. व्हायरस म्हणावा तर तो जागा खाऊन ठेवतो कुठं? एकदा तर वाटलं, उन्हानं लॅपटॉप तापला असेल आणि चुकीचं दाखवत असेल. म्हणून पंख्याखाली नेऊन ठेवला. पंख्याखालीही दहाच!

गिऱ्हाईक दारात उभं होतं. नृसिंहवाडीच्या एका हॉटेलचा उद्घाटनाचा फ्लेक्स, दहा बाय वीस. तासाभरानं मला सुचलं, की फोल्डर आकारमानानं लावून बघावेत. आणि सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या फ्लेक्सचा फोल्डर, जो मी कधी उघडत नाही, त्याच्या पोटात आणखी एक फोल्डर. नाव होतं, 'उसनी जागा'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उसनी? उसनं म्हणजे मागून नेतात ते. मी नको म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गुपचूप आत शिरायचं, आणि वर ह्याला उसनी जागा म्हणायचं? मी तो उघडलासुद्धा नाही. उघडला असता तर हात थांबला असता, हे कुठंतरी ठाऊक होतं म्हणूनच उघडला नाही. शिफ्ट दाबून डिलीट दाबलं. कायमचं पुसायचं का, असं मशीननं विचारलं. मी म्हटलं, हो.

हिरवी पट्टी सरकत गेली आणि डी पुन्हा मोकळा झाला. मी त्या मोकळ्या जागेत हॉटेलचा फ्लेक्स केला, मग आणखी तीन मोठे केले. संध्याकाळी आठला शटर ओढताना मला अगदी हलकं वाटत होतं.

बुधवारी दोनला आलो तर आण्णा खुर्चीतच. उठला नाही. वहिनी अजून आल्या नव्हत्या, म्हणजे निरोप द्यायला मधे कुणी नव्हतं. मी दारातच घुटमळलो.

"भूपाल," आण्णा म्हणाला.

दीड वर्षात त्याच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं.

"हिकडं ये. बघ की रं जरा. हे पुस्तक उघडंना झालंय. हे बघ, चित्र हाय, नाव हाय. दाबलं की म्हणतंय, सापडत न्हाई. चित्र हाय तर पुस्तक कुठं जातंय?"

मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर 'हेरवाडे कुलवृत्तांत' नावाचं चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. बाण म्हणजे पुस्तक तिथं नसतं. ती नुसती वाट असते, दुसरीकडं जाणारी. वाट कुठं जाते ते मी बघितलं. डी. जत्रेचे फ्लेक्स. उसनी जागा.

त्यानं नुसती प्रत ठेवली नव्हती. सीमध्ये काम पुढं सरकेना म्हणून अख्खं पुस्तक, तीनशे फोटोंसकट, उचलून माझ्याकडं आणून ठेवलं होतं. आणि मी ते पुसून त्यावर हॉटेल बांधलं होतं.

"कुठं ठेवलं होतंस?" मी विचारलं.

आण्णा पडद्याकडं बघत म्हणाला, "कुठं म्हंजे? माझ्या सीत. सीनं खाल्लं वाटतं."

मला वाटलं, चोरून हद्द ओलांडली हे कबूल करायला त्याला लाज वाटतेय. आणि मी पुसलं हे मी कबूल करत नव्हतो. एकाच गोष्टीवर दोघं दोन बाजूंनी पांघरूण घालत होतो. मी नुसती मान हलवली. म्हणालो, "हो. सीनंच खाल्लं असणार."

चहाचं निमित्त काढून मी बाहेर गेलो आणि इचलकरंजीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "पुसलेल्या जागेवर नंतर काही लिहिलंय काय?"

"चार फ्लेक्स."

"मग अवघड हाय."

"आणि सी का भरतोय हो? मी तर त्यात काहीच ठेवत नाही."

"तुम्ही फ्लेक्स कशात करता? त्या सॉफ्टवेअरला कच्च्या कामाला जागा लागती. तुम्ही सांगितलं न्हाई तर ते ती सीमधनंच घेतं. गिऱ्हाईकांनी पाठवलेले फोटोबी तिथंच उतरतात."

म्हणजे दीड वर्षं, रोज दुपारी दोन ते आठ, आण्णाच्या सोप्यात मीच पसारा टाकत होतो. आणि देवाची शपथही मीच घेतली होती. मी चहाच्या गाड्यावर तसाच उभा राहिलो. गाडेवाल्यानं दोनदा विचारलं, "मालक, बरं वाटत न्हाई काय?"

परत आलो तर आण्णानं टेबलावर प्रुफांचे गठ्ठे मांडले होते. सुतळीनं बांधलेले, लाल शाईच्या खुणा केलेले. छपाई झाल्याशिवाय तो प्रूफ टाकत नाही, ही आबांची शिस्त. आबा सांगायचे, पुस्तक गिऱ्हाईकाच्या हातात पडेस्तोवर खिळे मोडायचे नाहीत.

"दुरुस्तीवाल्याला बोलवूया काय?" मी चाचरत विचारलं.

"नको. घरचं काम परक्याच्या हातात कशाला? कागद हायत की. फोटोबी हेरवाड्यांच्या पाकिटात तसेच हायत. तू वाच, मी टाइप करतो. छपाई-बांधणीला तीन दिवस सोडले तर आठ दिवस हायत आपल्याकडं."

"दोनशे साठ पानं, आण्णा!"

"मग बस की लवकर."

मला घाम फुटला होता आणि हा गडी शांत! खिशातलं चष्म्याचं घर काढलं, चष्मा घातला, घर परत खिशात ठेवून वरनं थोपटलं आणि बोटं मोडून बसला. इतक्यात वहिनी दोन डबे घेऊन आल्या. आम्हाला एका टेबलाशी बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आज काय निरोप?" त्यांनी विचारलं.

"भडंग पाठव," आण्णा म्हणाला. "कांदा घालून. दोघांना पुरंल एवढं."

ते आठ दिवस सांगायला बसलो तर सरायचे नाहीत. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, दोघं दुकानात. मी वाचतोय, तो टाइप करतोय. त्याची बोटं दुखली की मी टाइप करतोय, तो वाचतोय. अधूनमधून मी फोटो स्कॅन करायचो. जिनगोंडाचा मुलगा पायगोंडा, त्याची मुलं चार. चौथ्या पिढीपर्यंत माझा घसा बसला. आण्णा म्हणायचा, "नीट वाच. तुझ्या फ्लेक्सवरचं नाव न्हवं हे. ह्या माणसाचं नाव जगात एवढ्या एकाच कागदावर राहिलंय." एकदा मी सात नंबरच्या पिढीत एक सून गाळली तर त्यानं मला मागं नेलं. "ती चार पोरांची आई हाय. तिला कुठं ठेवून आलास?"

मधेच आबांच्या गोष्टी निघायच्या. लहानपणी मी खिळ्यांच्या पेटीतले सगळे काने उचलून नदीच्या पाण्यावर टप्पे देत भाकऱ्या खेळायला नेले होते, ते त्यानं सांगितलं, आणि आम्ही इतके हसलो की शेजारचा सायकलवाला बघायला आला. हसता हसता मला रडायला आलं. दर दोन तासांनी मनात यायचं, आता सांगावं. आण्णा, ते मी पुसलं. जिभेच्या टोकावर यायचं आणि तो म्हणायचा, "हं, पुढं." मी पुढं वाचायचो.

पहिल्याच दिवशी मी लॅपटॉपमध्ये एक केलं. त्याला न सांगता माझ्या सॉफ्टवेअरची कच्ची जागा सीवरनं डीवर नेली आणि सीमधले माझे सगळे फोटो उचलले. पट्टी लालची निळी झाली. आण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सीचं पोट बरं झालं वाटतं!"

"औषध लागू पडलं," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी शेवटचं पान आलं. मी प्रूफ हातात घेतलं. जुनं प्रूफ, अबोल्यातलं, लाल शाईनं तपासलेलं. वाटणीनंतर आण्णा आपल्या कामांवर फक्त स्वतःचं नाव घालायचा, मी माझ्या. मी वाचलं, "मुद्रक, मगदूम बंधू, कुरुंदवाड." आणि थांबलो.

"काय झालं?" आण्णा.

"इथं बंधू लिहिलंय."

"मग बरोबर हाय की. पुढं पूर्णविराम."

संमेलन झालं. हेरवाडे मंडळींनी आम्हा दोघांना व्यासपीठावर बोलावून एक-एक नारळ दिला. सोमवारी दोन वाजता आण्णा खुर्चीतनं उठला, पण घरी गेला नाही. स्टूल ओढून तिथंच बसला. मामांचा कागद कुणी फाडला नाही, तो कुठंतरी ड्रॉवरमध्ये पडून असेल. मी मात्र आण्णाला खरं काही सांगितलं नाही. एक दिवस गेला, मग वर्ष गेलं. सगळं छान चाललेलं असताना जुनं कशाला उकरायचं, असं म्हणत मी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण कुणी नुसतं 'डिलीट' म्हटलं तरी मला चोरट्यासारखं व्हायचं.

ह्याला आठ वर्षं होत आली. गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. आण्णा आता सत्तरीकडं झुकलाय, मोतीबिंदू झालाय, पण प्रूफ बघितल्याशिवाय पान पुढं जाऊ देत नाही. नव्या मशीनकडं त्यानं जवळ जाऊन बघितलं.

"ह्यात डी कुठाय?"

"नाही. एकच सी आलाय."

"मग तू राहणार कुठं?"

"तुझ्याच सोप्यात," मी म्हणालो, आणि तो खुदकन हसला.

जुन्यातलं नव्यात भरायचं काम दिवसभर चाललं होतं. संपत आल्यावर आण्णानं खिशातलं चष्म्याचं घर काढलं. आतल्या मखमलीखाली बोट घातलं आणि एक पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. "ह्यातलंबी टाक. डोळ्याचं ऑपरेशन झालं की नवा चष्मा येईल, नवं घर येईल. हे हरवायला नको."

मी तो जुन्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर तिसरा खण उघडला, ई. त्यात एकच फोल्डर होता. 'हेरवाडे, शेवटचं.' दोनशे साठ पानं आणि तीनशे फोटो. मी तारीख बघितली. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. मी पुसलं होतं ते त्याच दिवशी दुपारी.

खुर्ची धरून मी पुन्हा पुन्हा ती तारीख वाचत होतो. आठ दिवस बसलेला घसा, चाललेली बोटं, सातव्या पिढीतली ती सून, आणि हा माणूस सगळं पुस्तक छातीवरच्या खिशात घेऊन बसला होता.

"आण्णा, हे तुझ्याकडं होतं?"

"पुस्तक हातात पडेस्तोवर खिळे मोडायचे न्हाईत. आबा सांगायचे, इसरलास?"

"मग आपण परत सगळं का टाइप केलं?"

आण्णानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "दीड वर्षात तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास," तो म्हणाला. "त्या आठ दिवसांत दोनशे साठ पानं बोललास."

माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात धरला. "आण्णा, ते मीच पुसलं होतं. डीमधलं. तुझी उसनी जागा. आठ वर्षं मला सांगायचं होतं."

"कसली उसनी जागा?" हात न सोडवता तो म्हणाला. "सीनं खाल्लं होतं ते."